दाढेचं निमित्त

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, डॉक्टरांजवळ नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हाही नाही. तिथे मी पटकन डोळे मिटतो, सगळ्यांना सुखी ठेव म्हणतो आणि चपला घालून बाहेर पडतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं सोपं काही जात नाहीये.

आधी जे सगळ्यांना माहीत आहे ते सांगतो. मला तोंडाचा कॅन्सर झाला होता, डाव्या गालाला, आतून. छोटं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन घेतलं, आणि मी वाचलो. नुसता वाचलो नाही — डोंबिवलीला आमच्या कॉलनीत मी आता उदाहरण झालो आहे. कुणाचा रिपोर्ट वाईट आला की लोक म्हणतात, जरा काकांना भेटून या. मग एखादा घाबरलेला माणूस आमच्या सोफ्यावर येऊन बसतो, त्याची बायको त्याच्याहून घाबरलेली, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी सांगतो — तोंड येईल, चव जाईल, पाणी गिळताना काचा गिळल्यासारखं होईल, पण एकही दिवस बुडवू नका. लाळ पहिल्यासारखी सुटेल असं धरून चालू नका, पाण्याची बाटली जवळ ठेवायची सवय करा. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरा, जमेल तशी एकेक वाढवा, नाहीतर जबडा आखडतो. हे सगळं मी खरं सांगतो. मग तो माणूस जरा चाचरत विचारतो — काका, तुम्ही तंबाखू वगैरे...?

आणि मी म्हणतो, नाही हो. माझं दाढेचं निमित्त झालं.

सुनंदा, माझी बायको, चहाचे कप ठेवता ठेवता पुढचं पुरं करते. "सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात घातलं नाही यांनी. दाढेला धार आली होती. ती गालाला घासत राहिली, घासत राहिली, आणि त्याचंच हे झालं."

मी खायचो.

झालं. लिहून टाकलं. पण हे अर्धंसुद्धा नाही. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी सांगूनही टाकलं असतं. चार दिवस सुनंदा बोलली नसती, मग बोलली असती. जे सांगायचं आहे ते याच्या पुढे आहे, आणि तिकडे जायला माझे पाय अजून तयार होत नाहीत. म्हणून आधीपासून सांगतो.

लग्नाच्या आधीपासून खायचो. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत लागलो तेव्हा रात्रपाळी संपत आली की डोळे मिटायला लागायचे. बॉयलरच्या मागे कुणीतरी मळलेली चिमूट पुढे केली. झोप उडाली. मग झोप नसतानाही लागायला लागली. त्यात कुणाचा दोष नाही. पुढे केलेला हात नाकारता येतो, आणि तो नाकारणारी माणसंही त्याच बॉयलरच्या मागे उभी असायची.

सुनंदाला बघायला कल्याणला गेलो. तिचे वडील, आबा, मूळचे साताऱ्याकडचे, गळ्यात माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पोह्यांच्या बशा उचलल्या गेल्या आणि आबांनी पानाचं तबक माझ्याकडे सरकवलं. काही खाता-पिता का, असं त्यांनी तोंडाने विचारलंच नाही. तबक पुढे करून ते बघत बसले. मी म्हणालो, नको, मी सुपारीसुद्धा घेत नाही. पँटच्या खिशात तेव्हा पुडी होती.

आबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते जन्मभर सांगितलं. बारशाला, साखरपुड्याला, कुणाच्या तेराव्यालासुद्धा. "आमचे जावई सुपारीसुद्धा घेत नाहीत." खोटं मी एकदाच बोललो होतो, ते सांभाळायचं काम आबांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. मला फक्त लवंग चघळावी लागायची. पुडी आणि चुन्याची डबी स्कूटरच्या डिकीत, फडक्याखाली. घरी वळायच्या आधी चूळ भरायची, लवंग तोंडात टाकायची. सुनंदाला वाटलं, मला लवंगेची आवड आहे. तिने एक छोटी स्टीलची डबी आणली. ती रिकामी झाली की भरून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवायची. इतकी वर्षं ती माझ्या खोट्याला लवंगा पुरवत होती, आणि मी डबी घेताना तिला थँक यू म्हणायचो.

मग गालात ते निघालं. तांदळाच्या दाण्याएवढं, मग मटाराएवढं. तिखट लागलं की झोंबायचं. सुनंदाने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, दाढ लागते. खरंच एक दाढ होती कडेला, जराशी तुटलेली. जीभ तिच्यावरून फिरवली की टोचायची. खोटं बोलणाऱ्याला अशी खरी वस्तू हाताशी मिळाली की तो किती निर्धास्त होतो, हे मी तुम्हाला सांगू शकतो. मी दाढ म्हणालो, आणि मलाही ते पटलं.

ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि मान वर न करता विचारलं, "तंबाखू कधीपासून?" मी सुनंदाला म्हणालो, जरा पाणी आणतेस का बाहेरून. ती गेली. मी डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरी माहीत नाही?" मी मान हलवली. ते म्हणाले, "सांगून टाका. लवकर आलात, नशीबवान आहात. गाठी मानेत गेलेल्या नाहीत. पहिली दोन वर्षं जपायची, पाच काढलीत की आपण दोघं चहा पिऊ. पण तंबाखूला परत हात लावलात तर मी काही सांगू शकत नाही." तेवढ्यात सुनंदा बाटली घेऊन आली, आणि ते विषय बदलून ऑपरेशनबद्दल बोलायला लागले.

तंबाखू सुटली. तिचं श्रेय मला देऊ नका, भीतीने सुटली.

रेडिएशनच्या आधी त्यांनी माझ्या खालच्या चार दाढा काढायला लावल्या. नंतर काढल्या तर हाड भरून येत नाही, म्हणून खराब दाढा आधीच काढून टाकतात. ही त्यांची नेहमीची रीत. पण घरच्यांना काय दिसलं? कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी दाढाच काढल्या. म्हणजे दाढेनेच केलं. मला एक शब्दसुद्धा बोलावा लागला नाही. सुनंदाच्या माहेरी, माझ्या नातेवाइकांत, कॉलनीत, सगळीकडे ती दाढ पक्की झाली.

आता महेशचं सांगायला हवं.

महेश म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ. शहाडला राहायचा. मांडवाचं आणि लायटिंगचं काम, आवाज असा की माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबू नये. मला दाजी म्हणायचा आणि माझी सारखी खेचायचा. आबांच्या पोटी जन्मून तो उघडपणे तंबाखू खायचा. आबा जिवंत होते तोवर माझं उदाहरण देऊन देऊन त्यांनी त्याला जेरीस आणलं होतं. "जरा दाजींकडे बघ." तो माझ्याकडे बघायचा आणि डोळा मारायचा. मी पटकन लवंग तोंडात टाकायचो. याला माहीत आहे की काय? पण नव्हतं माहीत. तो डोळा फक्त एवढंच म्हणत होता — काय हो दाजी, तुमच्यामुळे माझी रोज पूजा होते.

मी आजारी पडलो त्याच्या सुमारास वैशालीने, त्याच्या बायकोने, त्याच्याकडून शपथ घेतली होती. सोडतो म्हणाला होता. पुड्या कमीही झाल्या होत्या. रेडिएशनचे शेवटचे दिवस, माझं तोंड आतून सोललेलं, बोलणं बंद. तो भेटायला आला, पलंगाच्या कडेला बसला. वैशाली म्हणाली, बघा, बघा जरा, सोडा आता कायमची. आणि तो हसत म्हणाला, "अगं, दाजींनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, तरी झाला. मग माझ्या सोडण्याने काय होणार आहे? ज्याला व्हायचा त्याला होतो."

यावर उत्तर कुणाकडेच नव्हतं — माझ्याशिवाय. मला बोलता येत नव्हतं हे खरं आहे. पण मान हलवता येत होती ना? बाजूला पाटी होती, तिच्यावर मी पाणी, औषध, पंखा असं लिहून दाखवायचो. पाटी तिथेच होती.

त्याने जाताना जिन्यात चिमूट लावली असणार. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

त्यानंतर दीडएक वर्ष गेलं असेल. माझे रिपोर्ट चांगले येत होते. गणपती होते, गौरीच्या जेवणाला सगळे आमच्याकडे. महेशने अळूची भाजी बाजूला सारली. वैशालीने विचारलं, तर म्हणाला, झोंबतंय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, तुमचं असंच झोंबायचं का हो? बघा ना जरा, तुम्ही आता अर्धे डॉक्टर."

जेवणं झाल्यावर बेसिनपाशी मी त्याच्या तोंडात मोबाइलचा टॉर्च मारला. उजव्या गालात, जिथे तो चिमूट धरायचा तिथेच. पांढरा चट्टा, मध्ये लाल, आणि त्या लाल भागाभोवती कड वर आलेली. मी बोट लावलं. कडक लागलं.

हे मी ओळखत होतो. स्वतःच्या गालात, आरशासमोर, दार लावून, मी ते आठवडेच्या आठवडे बघितलं होतं. डॉक्टरांच्या तोंडून मी ऐकलं होतं, कडक लागलं की थांबायचं नसतं. महेश तोंड वासून माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या मागे सुनंदा, वैशाली, एक मावशी, सगळ्या उभ्या. सुनंदा म्हणाली, "दाढ असेल रे. यांचीही दाढच होती."

आणि मी म्हणालो — दाढच दिसते. डेंटिस्टकडे जाऊन घासून घे.

थांबा. मी हे वाक्य परत वाचतो आहे. यात कुठे काही विशेष आहे? कुठल्याही घरात, कुठल्याही बेसिनपाशी कुणीही बोलेल असं वाक्य.

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील. तुकडा काढून तपासून घे, एवढं म्हणायला मला माझी तंबाखू कबूल करावी लागणार नव्हती. मी कॅन्सरमधून उठलेला माणूस, माझं कुणी ऐकलं नसतं का? ऐकलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेलो असतो तरी चाललं असतं. मग का नाही म्हणालो? त्या दोन-चार क्षणांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं, आणि तेच मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मोठ्या डॉक्टरांकडे गेलो की ते सगळ्यांसमोर म्हणतील, हे तंबाखूचं आहे, नुसत्या दाढेने असं सहसा होत नाही. मग सुनंदा विचारेल, मग यांचं कसं झालं? हे एक. आणि दुसरं याहून वाईट आहे. मला वाटलं, याचीही दाढच निघाली तर? डेंटिस्टने घासली आणि ते बरं झालं, तर माझी दाढही खरी होईल. मी त्याचं तोंड बघत नव्हतो हो. मी त्याच्या तोंडात माझ्या खोट्याला पुरावा शोधत होतो.

बोटाला मात्र कळलेलं होतं.

वैशालीने स्टेशनजवळचा डेंटिस्ट शोधला. त्याने दाढ घासली, जेल दिलं, दोन आठवड्यांनी दाखवा म्हणाला. जेलने बरं वाटलं. मग नवरात्र आलं. टेंभी नाक्याजवळ एका मंडळाचं लायटिंग त्याच्याकडे असायचं, त्या दिवसांत तो घरी फक्त आंघोळीला यायचा. "नवरात्र उरकू दे," म्हणाला. मग दिवाळी. मध्ये एकदा मी फोनवर विचारलं, काय रे, दाढ कशी आहे? तो म्हणाला, "आहे, गुण्यागोविंदाने नांदतेय." मी हसलो. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. विचारलं तर खरं आपण, असं.

थंडीत मानेला गाठ आली.

पुढचं मी भराभर सांगतो, कारण त्यात मी फार चांगला वागलो आणि ते सांगताना मला लाज वाटते. ऑपरेशन झालं, माझ्यासारखं छोटं नाही. जबड्याचा एक भाग काढला, छातीचं मांस लावून गाल भरला. मग रेडिएशन. रोज मी त्याला न्यायचो. अनुभवी माणूस म्हणून सगळ्यांनी ते माझ्याकडेच दिलं, आणि मीही मागून घेतलं. शहाडहून गाडी काढायची, दुर्गाडीचा पूल, हायवे, माजिवड्याला तासभर अडकायचं. डोकं हलू नये म्हणून असतो तो जाळीचा साचा त्याच्या चेहऱ्यावर बसवताना मी काचेतून बघायचो. सुनंदा नातेवाइकांना सांगायची, सख्खा भाऊ करणार नाही एवढं हे करतात.

एकदा डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं. आपल्याकडची रीतच ती. पेशंट आत, आणि त्याचं आयुष्य बाहेर पॅसेजमध्ये दुसऱ्याला सांगायचं. ते म्हणाले, "तुमची आणि यांची तुलना करू नका. तुमचं गालापुरतं होतं. यांच्या मानेतल्या गाठी फुटून बाहेर पसरल्या आहेत. रेडिएशन पूर्ण करू, पण परत येण्याची शक्यता मोठी आहे." मी विचारलं, सहा महिने आधी आले असते तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं. नातेवाईक हे विचारतातच, त्यांना सवय असणार. "आधी आले असते तर बरंच वेगळं असतं," एवढंच म्हणाले.

आत गेलो तर महेशने खुणेने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, म्हणतात माझ्यासारखाच ठणठणीत होशील.

आणि मग तो दिवस. रेडिएशनच्या हॉलमध्ये नंबर यायची वाट बघत बसलो होतो. समोरून एक जण आला, कंपनीतला जुना हेल्पर, वडिलांना घेऊन आलेला. माझ्या पाठीवर थाप मारली. "साहेब, तुम्ही इथे? ऐकलं होतं तुमचं. सुटली ना पण? बॉयलरमागे काय डब्या रिकाम्या केल्या हो आपण." मी काहीतरी बोललो. तो बोलत राहिला, पूर्वीचं, आनंदाने. महेश शेजारी बसला होता, तोंडाला रुमाल धरून. त्याने मान वळवली नाही.

परत येताना माजिवड्याला गाडी अडकली. पुढे टँकर, मागे टँकर. त्याचं बोलणं तेव्हा नीट कळायचं नाही, अर्धी अक्षरं ओघळून जायची, पण मला सवय झाली होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

तो हसला. चेहऱ्याची एकच बाजू हसायची आता. "आबा वर गेले ते तुमचं सर्टिफिकेट घेऊन गेले हो," म्हणाला. मग रुमालाने ओठाची कड पुसली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर — पण नाही. म्हणाला, "ताईला सांगू नका. तिला एवढी एकच गोष्ट मिरवायला आहे."

मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होतो. टँकर हलत नव्हता. आणि त्याने विचारलं, शांतपणे, चौकशी करावी तसं — "दाजी, गणपतीत बघितलंत तेव्हा तुम्हाला कळलं होतं का?"

इथवर तुम्हाला आणलं ते या प्रश्नासाठी. मला पळायला जागा नव्हती आणि लपवायलाही आता काही उरलं नव्हतं. त्याने तंबाखू माफ केली होती. न मागता. त्या गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि फार दिवस नव्हते त्याच्याकडे, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? तो गाडीतून उतरून गेला असता, त्याने मला मारलं असतं, नाहीतर परत ते अर्धं हसू हसला असता. यातलं काय करायचं ते त्याने ठरवायचं होतं. तो त्याचा हक्क होता.

मी म्हणालो, "नाही रे. मला खरंच दाढ वाटली."

तो "हं" म्हणाला. टँकर हलला.

त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही. घरापाशी उतरताना त्याने नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून आधार घेतला, आणि वर गेला.

रेडिएशन पूर्ण झालं. काही महिने बरे गेले. काड्यांचा व्यायाम तो करायचा आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा — आज एवढ्या, तुमचा रेकॉर्ड मोडणार. मोडला नाही. मानेतच परत आलं, आणि तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवा, दुखू नये एवढं बघू. त्याला घरी ठेवलं. शेवटच्या दिवसांत मी रोज जायचो, त्याच्या नाकातल्या नळीतून पातळ पेज घालायचो. दोघंच असायचो पुष्कळदा. वैशाली औषध आणायला, नाहीतर कपडे वाळत घालायला गच्चीवर. बोलायचं असतं तर वेळच वेळ होता. तो डोळे मिटून पडलेला असायचा आणि मी सिरिंज धुवत बसायचो, गरजेपेक्षा जास्त वेळ.

ताईला सांगू नका, असं तो म्हणाला होता. हे त्याचे शब्द मी पुढे फार वापरले. मनातल्या मनात, दर वेळी. त्याने मागितलं म्हणून मी गप्प आहे, असं. पण त्याने झाकायला सांगितलं होतं ते माझ्या तंबाखूचं. बेसिनपाशी काय झालं ते त्याला मी कळूच दिलं नाही, मग ते झाकायची परवानगी तो कुठून देणार?

मागच्या महिन्यात मला पाच वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, आता वर्षातून एकदाच या म्हणाले. ठरल्याप्रमाणे त्यांनी चहाही मागवला. सुनंदाने कॉलनीत पेढे वाटले. संध्याकाळी वैशाली आली शहाडहून, तिनेही पेढे आणलेले. मला वाकून नमस्कार केला. अजून करते ती.

पेढ्याचा घास माझ्या तोंडात फिरत नाही, लाळ नसते. पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलावा लागतो. मी ते करत होतो आणि ती सुनंदाशी बोलत होती. तिच्या शेजारणीच्या नवऱ्याच्या जिभेला जखम झाली होती. ती सांगत होती, "मी म्हटलं त्यांना, आधी दाढ दाखवा, काढूनच टाका. आमच्याकडे दोन माणसांना दाढेने केलं." मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला बघितलं की बरं वाटतं, दाजी. तुम्ही तर लगेच सांगितलं होतंत डेंटिस्टकडे जा म्हणून. मीच स्वस्तातला बघितला. आणि नवरात्रानंतर परत न्यायला हवं होतं, तेही मीच नेलं नाही. माझ्याकडूनच राहिलं."

सुनंदाने तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या तोंडात पेढा होता. तो विरघळेपर्यंत थांबलो, आणि विरघळल्यावरही काही बोललो नाही. वैशालीने बाटली माझ्याजवळ सरकवली. पाणी घ्या, म्हणाली.

त्या शेजारणीच्या नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला, थेट तपासायला पाठवलं, तुकडा काढायला लावला. एवढं केलं. पण त्यालाही, तंबाखूचं विचारल्यावर, मी दाढच सांगितली.

सुनंदाला मला सांगायचं आहे की आबांनी तबक पुढे केलं तेव्हा माझ्या खिशात पुडी होती. महेशला जे सांगायचं होतं ते आता सांगता येणार नाही. वैशालीला सांगायचं आहे की ती दाढ नव्हती, ते मला त्या दिवशी बेसिनपाशीच कळलं होतं, आणि तिच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. ती शहाडलाच राहते. अजून सांगितलेलं नाही.